दाराच्या आतला पत्रा

१

श्रीरामपुरात स्टेशनकडून बाजारतळाकडं जाणाऱ्या रस्त्याला, लाकडाच्या वखारीच्या भिंतीला चिकटून शलमोन मिस्तरीचं शेड होतं. गाड्यांचा पत्रा ठोकायचा, सडलेला कापायचा, नवा जोडायचा, हे त्याचं काम. इंजिनाला तो हात लावत नसे. "इंजिनाचं दुखणं ओरडून सांगतं," तो म्हणायचा, "पत्र्याला आपण विचारावं लागतं." सकाळी आल्याआल्या शेडापुढची जागा झाडायची, स्टोव्हवर चहा ठेवायचा आणि तो उकळेपर्यंत समोरच्या गाडीभोवती बोटाच्या पेरानं टकटक करत एक फेरी मारायची. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. कुठवर खाल्लंय ते चहा उतू जायच्या आत त्याला कळायचं.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. आदल्या साली पाऊस रुसला तो रुसलाच. शिवाराशिवारात खडी फोडायची कामं निघाली होती, पाट कोरडा पडला होता आणि त्याच्या तळाशी पोरं विटीदांडू खेळत होती. शलमोनची बायको दया मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत कामाला होती. ड्यूटीवर जायच्या आधी ती नळाच्या रांगेत हंडा ठेवून जायची आणि परत आल्यावर, रांग हलली असेल तर, तो पुढं सरकवायची.

हवेत ओल नाही तर गंज कुठला, आणि गंज नाही तर पत्रेवाल्याला काम कुठलं? त्यामुळं गोरक्षनाथाची पिकप शेडापुढं येऊन थांबली तेव्हा शलमोनला बरंच वाटलं.

गोरक्षनाथ पाटाकडेच्या एका वस्तीवरचा, तिशीच्या आतला, तोंडानं मोकळा गडी. भिंगारला मिलिटरीच्या लिलावात त्यानं ती जुनी पिकप घेतली होती आणि या दिवसांत पाठीमागं पिंपं मांडून खडीच्या कामावर प्यायचं पाणी पोचवत होता. लहानपणी गुऱ्हाळाच्या चरकात हात गेल्यामुळं त्याच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. उरलेली दोन बोटं आणि अंगठा यांच्यात बिडी धरून तो गाडीतून उतरला.

"मिस्तरी, दारं पार गेलीत बगा. लाथ घातली तर पाय भाईर यील."

शलमोननं वाकून दोन्ही दारांच्या तळाशी टकटक केलं. बद्द. "उतरवून ठेवतो. तू गाडी घेऊन जा, लोकं पाण्याची वाट बघत असतील. चार-सहा दिवसांनी दारं न्यायला ये."

"बिनदाराची हाकू?"

"वारा लागेल तेवढाच."

गोरक्षनाथ हसला. बसायच्या जागेच्या कडेला त्यानं एक दोर आडवा बांधला आणि गेला.

२

गाडीचं दार म्हणजे दोन पत्र्यांची पेटी. बाहेरचा पत्रा जगाला दिसतो, आतला बसणाऱ्याला. मधली पोकळी कुणालाच दिसत नाही. काच खाली करावी तर ती त्या पोकळीत उतरते आणि काचेच्या फटीतून झिरपणारं पाणीही तिथंच जातं. तळाला ते साचून राहतं. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आत सगळं खाऊन झालेलं असतं.

शलमोननं चालकाच्या बाजूचं दार घोडीवर आडवं टाकलं, आतला पुठ्ठा काढला आणि आरशाच्या तुकड्यानं उन्हाचा कवडसा पोकळीत सोडला. तळाशी होतं ते अपेक्षेप्रमाणंच, भिजलेल्या बिस्किटासारखं. पण त्याच्या बऱ्याच वर, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, एक हात उमटलेला होता.

त्याला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. घासलेल्या उघड्या पत्र्याला घामट हात लागला की दुसऱ्या दिवशी तिथं बोटं उमटतात. म्हणून तो स्वतः अशा पत्र्याला फडक्याशिवाय शिवत नसे. ही गाडी बनली तेव्हा कुणा कामगाराचा हात लागला असेल, वरून रंग मारला गेला असेल, आणि इतक्या वर्षांनी तो हात रंग फोडून वर आला असेल. कुठल्या लांबच्या मुलखातला कोण माणूस, आज आहे की नाही, आणि त्याचा घाम इथं श्रीरामपुरात. शलमोनला ते बरं वाटलं. दयाला घरी गेल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं.

छिन्नीनं त्यानं दाराचा खालचा अर्धा पत्रा कापून काढला. तुकडा उजेडात उलटा धरला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की उमटलेल्या हाताला अंगठा होता आणि दोनच बोटं होती.

पुसट झाली असतील बाकीची, त्याला वाटलं. तुकडा त्यानं बाकड्याखाली सारला.

दुपारी बाजारातून नवा पत्रा आणून त्यानं मापात कापला, वाकवला, गॅसनं जोडला, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला आणि रॉकेलच्या फडक्यानं पुसला. रंगाचा पहिला हात उद्या द्यायचा म्हणून शेडाला कुलूप लावून तो घरी गेला.

सकाळी चहा ठेवून तो दाराकडं वळला. आतल्या पत्र्याला मूठ जाईल एवढीच भोकं होती, कोपर जाणार नाही अशी. त्यातून त्यानं कवडसा सोडला. काल बाजारातून आणलेल्या नव्याकोऱ्या पत्र्यावर, आतून, दोन हात उमटले होते. उजवा पुरा होता. डाव्याला दोन बोटं आणि अंगठा.

मागं स्टोव्हवरचा चहा उतू गेला.

३

शलमोन दर रविवारी मिशनच्या देवळात नेमानं जाणारा होता, पण भुताखेताचं मानणारा नव्हता. दयाला त्यानं सांगितलं तेव्हा ती ताटात भाकरी मोडत होती.

"तुमचाच हात लागला असेल."

"माझी पाच बोटं आहेत."

"दोन टेकली नसतील." दया दवाखान्यातली होती. ती सगळ्या गोष्टी आधी धुऊन बघायची. "तुम्ही मुद्दाम हात लावून बघा. तुमचा कसा उमटतो ते कळेल."

ही गोष्ट शलमोनला पटली. दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेल्या पत्र्याचा तुकडा घासला, घामेजलेला तळवा त्यावर दाबला आणि तो फळीवर ठेवून दिला. सकाळी त्यावर त्याचा हात आला होता, हळदीच्या डागासारखा फिका, फुंकर मारली तर जाईल असा. दारातला तसा नव्हता. तो गडद तांबडा होता, दाणेदार, नखाला लागणारा. पाच-सात पावसाळे बाहेर पडलेल्या पत्र्याला येतो तसा.

त्यानं भोकातून तार घालून ते घासलं. तेजाबाचा बोळा फिरवला, धुतलं, कोरडं केलं, रेड ऑक्साइडचे हात दिले आणि वरून जळकं ऑईल सोडलं. एवढं केल्यावर लोखंड गप्प बसतं. निदान बरीच वर्षं तरी बसतं, असा त्याचा अनुभव होता.

सकाळी रंग फुगला होता. फोडांचा आकार त्याला आता नीट ओळखू येत होता. आणि या वेळी हात आधीच्या जागी नव्हते. ते वर सरकले होते, काचेच्या फटीच्या जवळ. फटीच्या खालच्या कडेला बारीक उभे ओरखडे होते, रंग निघून पत्रा दिसेल असे.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी त्याच्या ध्यानात आली, आणि ती ध्यानात आल्यावर त्यानं हातातली तार खाली ठेवली. तळवे बाहेरच्या पत्र्याला टेकलेले होते. कुणी बाहेरून येऊन हात लावला असता तर ते उलटे उमटले असते. हे ज्याचे हात होते तो आत होता आणि बाहेर ढकलत होता.

४

मग पाणी आलं.

दार उचलून भिंतीला टेकवताना त्याला ते जड लागलं. आत काहीतरी हिंदकळलं. भरलेला हंडा कडेवर घेतल्यावर येतो तसा तो आवाज होता, आणि त्या उन्हाळ्यात श्रीरामपुरात तो आवाज कुणीही ओळखला असता. शलमोननं दार थोडं कलतं केलं. तळाच्या भोकातून पाणी गळायला लागलं.

त्यानं खाली पत्र्याचा डबा ठेवला. डबा भरला. त्यानं बादली आणली.

दुपारी दया भाकरी घेऊन आली तेव्हा तो बादलीपुढं उकिडवा बसला होता. तिनं आधी बादली बघितली. त्या दिवसांत बायका आधी बादलीच बघत.

"एवढं पाणी कुठनं मिळालं?"

"दारातून."

तिनं दोन बोटं पाण्यात बुडवून वास घेतला. गढूळ, मातकट, शेवाळाचा वास होता त्याला. तळाशी बारीक पोयटा बसत होता.

"हे पाटाचं पाणी आहे," दया म्हणाली. "आमच्या माहेरी पाटाला पाणी सुटलं की सगळ्या घराला हा वास यायचा."

"पाट कोरडा आहे."

"मला माहीत आहे कोरडा आहे."

दोघंही दाराकडं बघत राहिले. बाहेर रस्त्यावर ऊन असं पडलं होतं की कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, आणि भिंतीला टेकलेल्या त्या दारातून पाणी सावकाश, थेंबाथेंबानं, बादलीत पडत होतं. शेजारच्या दाराला, दुसऱ्या बाजूच्या, काहीही नव्हतं. ते ठणठणीत कोरडं होतं. त्यावर मारलेला रंग वाळून छान चकाकत होता.

त्या पाण्यात हात धुवायचा दयाला धीर झाला नाही. ओतून द्यायचाही झाला नाही. बादली तशीच राहिली.

५

गोरक्षनाथ दारं न्यायला आला तो घाईत होता, पण चहा म्हटल्यावर बसला. उलट्या पिंपावर टेकून तो कामावरच्या गमती सांगायला लागला. मुकादमाची नक्कल करताना त्यानं बाकड्याखालून पाय काढला, तसा तो कापलेला जुना तुकडा पुढं आला. बोलता बोलता त्यानं तो उचलून मांडीवर घेतला.

"आयला, ह्यो हात कुनाचा?"

"माहीत नाही," शलमोन म्हणाला.

गोरक्षनाथानं गंमत म्हणून आपला डावा हात त्यावर ठेवला. अंगठा अंगठ्यावर बसला, बोटं बोटांवर बसली. जिथं त्याची दोन बोटं नव्हती तिथं पत्राही नुसताच होता.

"माजाच की वो," तो हसून म्हणाला. "कवा लागला आसंल?"

"तो दाराच्या आत होता. कापल्याशिवाय तिथं हात जात नाही."

"मंग?"

शलमोनला सगळं सांगायचं होतं. पण समोर बसलेला माणूस जिवंत होता, घामाघूम होता, त्याच्या मिशीला चहा लागला होता. त्याला काय सांगायचं? कसलं पाणी, कसले हात? मिस्तरीचं डोकं उन्हानं फिरलं, असं तो वस्तीवर जाऊन सांगेल, आणि त्यात त्याचं काय चुकेल?

"गोरक्षनाथ, ही गाडी काही दिवस उभी ठेवलीस तर?"

"आन लोकांनी काय खडीवर थुकून तहान भागवायची?" तो चहा संपवत उठला. "उनाचं डोस्क्याला फडकं बांधत जावा, मिस्तरी. चला, दारं चढवा."

शलमोननं दारांकडं बघितलं. मग तो आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलला नव्हता असं खोटं बोलला.

"दारं नाही बसवता येत. बिजागऱ्या सडल्यात. धावत्या गाडीतून दार निखळून कुणाच्या अंगावर पडेल. भिंगारच्या जुन्या बाजारातून दुसऱ्या आणाव्या लागतील."

"कवा मिळत्याल?"

"बघतो."

गोरक्षनाथ कुरकुरला, पण गेला. रस्त्याच्या वळणावर त्याचा आडवा दोर आणि बाहेर आलेलं कोपर दिसलं, आणि धुरळा उठला.

त्या दिवशी शलमोनच्या मनात एवढाच विचार होता, की जे दार गाडीला नाहीच ते बंद होणार नाही. त्याच्या हातात एवढंच होतं. पत्रा हे त्याचं काम होतं आणि पत्र्यापुरतं त्याला जे करता आलं ते त्यानं केलं.

"त्याला खरं सांगून टाका," घरी दया म्हणाली.

"सांगतो. पण त्यातलं खरं कोणतं ते आधी तू मला सांग."

पुढं गोरक्षनाथ जेव्हा जेव्हा चौकशीला आला, तेव्हा बिजागऱ्या अजून मिळाल्या नव्हत्या. तो पुढं गेला की शलमोन ते दार घासायला बसायचा. घासून, पुसून, तेल देऊन ठेवलं की एखादा दिवस बरा जायचा. हात पुन्हा यायचे. पण घासत राहिलं तर सावकाश यायचे, आणि तेवढ्यावर तो समाधान मानत होता.

६

धरणातून प्यायच्या पाण्याचं आवर्तन सुटणार अशी बातमी होती. बातम्या रोजच असत, म्हणून कुणी विश्वास ठेवला नव्हता. पण त्या दिवशी सकाळीच सायकलवाले ओरडत गेले, "सुटलं! पाटाला पानी सुटलं!" आणि अर्धं श्रीरामपूर हंडे-घागरी घेऊन पाटाकडं पळालं. वखारीतली माणसं करवत तशीच लाकडात सोडून गेली. दयाची त्या दिवशी सुट्टी होती. तीही दोन घागरी घेऊन शेडावर आली.

"चला ना. भरून घेऊ. नळाच्या रांगेत किती ताटकळायचं?"

"तू हो पुढं. मी कुलूप लावून येतो."

ती शेडाच्या तोंडाशीच थांबली. कारण त्याच वेळी आतून आवाज आला.

धप्प. मऊ, पोकळ. ओल्या हातानं कणीक आपटावी तसा.

"मांजर असेल," शलमोन म्हणाला.

पुन्हा आला. मग दोन लागोपाठ. आवाज दाराचा होता. वखारीच्या भिंतीला ते टेकलेलं होतं, काच वर चढवलेली. भिंत चुन्यानं रंगवलेली असल्यामुळं काचेतून नेहमी पांढरं दिसायचं. आता काचेचा खालचा भाग तांबूस होता.

शलमोनला आधी वाटलं, ऊन पडलंय. मग त्यानं बघितलं की तो रंग वर चढतोय. बाटली भरत जावी तसा, एका रेषेत, सावकाश. त्या रेषेच्या वरती चुन्याची भिंत होती. खाली भिंत नव्हती. खाली गढूळ काहीतरी होतं आणि त्याला खोली होती.

रेष वरपर्यंत गेली. धप्प.

काचेला एक तळवा येऊन चिकटला. पाण्यात भिजून पांढरा पडलेला, चपटा झालेला. अंगठा आणि दोन बोटं. तो घसरत खाली गेला, पुन्हा वर आला, आणि त्याच्यामागं, त्या गढूळात, दुसरं काहीतरी फिकट काचेकडं येत होतं.

शलमोननं ते नीट बघितलं नाही. तो धावला. त्यानं दाराची मूठ धरून खेचली. मूठ फिरली. पण दार, जे कशालाही जोडलेलं नव्हतं, जे तो रोज एकट्यानं उचलत होता, ते जागचं हललं नाही. पलीकडून सगळा पाट रेटतोय असं ते घट्ट होतं. त्यानं दोन्ही पाय रोवून ओढलं. आतून ठोके जलद झाले, मग हळू झाले.

मग थांबले.

त्यानं बाकड्यावरची हातोडी उचलली.

"अहो!" दया ओरडली. "अहो, काय करताय!"

त्यानं काचेवर घाव घातला. पहिल्याला चरा गेला. दुसऱ्याला काच फुटली.

पाण्याचा लोट त्याच्या पोटावर आदळला आणि शेडभर पसरला. दयाच्या घागरी तरंगत रस्त्यावर गेल्या. शलमोन चिखलात बसला. वर बघितलं तेव्हा फुटलेल्या काचेच्या चौकटीत चुन्याची भिंत होती. कोरडी, पांढरी. तिच्यावर पाण्याचा थेंबही नव्हता.

दयाला विचारलं तर ती आजही सांगते, की तिला हात दिसला नाही. पाणी मात्र तिनं बघितलं. चप्पल वाहून गेली तिची.

७

दुपार कलल्यावर गोरक्षनाथाला मिशनच्या दवाखान्यात आणलं. पाण्याच्या वासानं गुरं उधळली होती. तहानलेली जनावरं, पाटाच्या भरावावरून सरळ खाली. त्यांना चुकवायला त्यानं गाडी वळवली, भराव खचला आणि पिकप पाण्यात गेली. पाट तोवर तुडुंब झाला होता. लोकांनी आशा सोडली होती. मग बराच पुढं, पुलाजवळच्या पायऱ्यांशी, तो वर आला.

माणसं कमी पडली म्हणून दयाला बोलावणं गेलं. ती घरी आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. पदराच्या गाठीतून तिनं पट्टीच्या कापडाची पुरचुंडी काढली आणि शलमोनपुढं उलगडली. आत काचेचा तुकडा होता, जाड, कडेला हिरवट.

"त्याच्या दंडातून निघाला. असे बरेच होते. मी चिमट्यानं काढले."

"पुढची काच फुटली असेल गाडीची."

"गाडी बाहेर ओढलीय. मी येताना थांबून बघितली. पुढची काच शाबूत आहे." तिनं तुकडा पुढं केला. "दारं तर नव्हतीच तिला."

शलमोननं तुकडा हातात घेतला नाही.

"बोलला काही?"

"बरळत होता. मिस्तरीला ठाव व्हतं, मिस्तरीला ठाव व्हतं, एवढंच. उजव्या मनगटाला वळ आहेत, कुणीतरी घट्ट धरल्यासारखे. त्यांना मलम लावलंय. जातील."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी गोरक्षनाथाची आई शेडावर आली. बनुबाई तिचं नाव. उंच, ताठ म्हातारी. टेम्पोतून उतरून ती तडक आत आली.

"मिस्तरी तूच का? दारं न्हवती म्हनून माजं पोरगं पान्यात फेकलं ग्येलं. दार आसतं तर गाडीतच बसून ऱ्हायलं आसतं."

शलमोन खाली मान घालून उभा राहिला.

"बिजागऱ्या नव्हत्या, आई."

बनुबाईनं भिंतीशी जाऊन दारं बघितली. वाकून बिजागरीवर बोट फिरवलं. तेल दिलेली, धड, मजबूत बिजागरी होती ती. ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांतला राग गेला होता आणि तिथं दुसरंच काही आलं होतं.

"ह्या तर चांगल्या हायेत," ती हळू म्हणाली. "खोटं का बोल्लास? तुला ठाव व्हतं म्हंतो गोरख. तुला कसं ठाव रं?"

म्हातारी उलट्या पावली, त्याच्याकडं पाठ न करता, शेडाबाहेर गेली. दारं तिनं मागितली नाहीत.

८

त्यानंतर काम थोडं कमी झालं. वस्त्यांवर बोलणं पसरलं होतं. शलमोनला त्याचं वाईट वाटलं, पण तो त्याबद्दल कुणाशी भांडला नाही.

ते दार त्यानं एकदा पूर्ण घासून, कसलाही रंग न देता, शेडाच्या वळचणीला बाहेर ठेवलं. का, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. भिंतींना ओल आली, हत्यारांना गंज चढला, शेडाच्या खांबांना चढला. ते दार मात्र उघडंबोडकं भिजूनही आरशासारखं लखलखीत राहिलं. गंज त्याला सोडून निघून गेला होता. लोखंडाला गंज चढत नाही ही गोष्ट शलमोनला हातांपेक्षाही भयंकर वाटली. त्यानं त्यावर गोणपाट टाकलं.

गव्हाच्या पेरण्या चालू असताना एका सकाळी गोरक्षनाथ शेडावर आला. एसटीनं आला, स्टँडवरून चालत. शलमोन चहाला बसला होता आणि डबा द्यायला आलेली दया पर्स घेऊन ड्यूटीवर निघाली होती. त्याला बघून ती थांबली. पोरगा वाळला होता. थंडी एवढी नव्हती, तरी त्यानं लांब बाह्यांचा सदरा घालून उजवी बाही मनगटाशी बटण लावून घट्ट केली होती.

"मिस्तरी," तो म्हणाला, आणि उलट्या पिंपावर टेकला. दयानं त्याला चहा दिला.

"मी आत व्हतो," मग तो म्हणाला. "दारं न्हाईत ह्ये म्हाईत व्हतं मला. रोज बिनदाराची हाकत व्हतो की. पन हात लावंल तिकडं दार. काच. मी काचंवर बडवत व्हतो. मंग काच फुटली."

"मी फोडली," शलमोन म्हणाला. हे वाक्य तो दयाशिवाय कुणाशीच बोलला नव्हता.

गोरक्षनाथानं मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही. "आन मंग हात आला आत. त्यानं माजं मनगाट धरलं आन वडून काडलं. तुमचाच म्हनून मी समजून चाललो. ह्येच सांगायला येनार व्हतो, पाया पडायला. पन आई सोडंना."

शलमोननं कपबशी खाली ठेवली.

"मी हात घातला नाही आत."

"न्हाई?"

"काच फोडली आणि मी मागं पडलो. दयाला विचार."

दयानं मान हलवली. नाही.

गोरक्षनाथानं शलमोनचा हात मागितला. त्यानं तो पुढं केला. पोरानं डोळे मिटून तो आपल्या बोटांनी चाचपला, तळवा, पेरं, हातोडीचे घट्टे. मग त्यानं तो सोडला.

"न्हाई. ह्यो न्हाई," तो म्हणाला. "त्यो बारीक व्हता. आन लई थंड."

रस्त्यावरून उसाची गाडी गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज दूर गेला. मग गोरक्षनाथानं बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली.

वळ गेले नव्हते. दयानं मलम लावलं तेव्हा निळे होते, आता तांबडे झाले होते. चार बोटं मनगटाभोवती वळलेली, आतल्या बाजूला अंगठा. तो रंग शलमोननं आयुष्यभर बघितला होता. कडा खरबरीत होत्या, दाणेदार. सदऱ्याच्या बाहीला आतून तांबूस भुकटी लागली होती.

"डागदर म्हंतो नायटा हाय. मलमं झाली. पसरतंयच." तो दुसऱ्या हाताच्या पेरानं त्यावर टकटक करायला गेला आणि थांबला. "आईला दावलं न्हाई. तुमच्या कामातलं वाटलं, म्हनून आलो."

शलमोननं वाकून बघितलं. नखानं कड थोडी खरवडली. एक पापुद्रा निघून खाली पडला. त्याच्याखाली कातडी नव्हती, पत्र्यासारखं काहीतरी चकाकत होतं. त्यानं ते बघितलं, आणि बाही हळूच पुढं ओढून ती जागा दयाच्या नजरेआड केली.

"दुखतं?"

"न्हाई. पन सकाळी उठलो की बाही वली आस्ती."

दयानं पर्स खुंटीला परत अडकवली. घरातून आणलेल्या डब्यातली गोड्या तेलाची लहान बाटली तिनं काढली, मऊ कापसाचा बोळा केला आणि दोन्ही शलमोनच्या पुढ्यात ठेवलं. शलमोननं साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, आणि पिंप ओढून उन्हात, गोरक्षनाथाच्या समोर बसला.

"महिन्याच्या महिन्याला येत जा," तो म्हणाला. "चुकवू नको."

"किती दिवस यावं लागंल?"

शलमोननं बोळा तेलात बुडवला.

"हात इकडं कर," तो म्हणाला.